छेद कुठंय? खेळाडूनं हवेत उडावं का, या प्रश्नाची चिरफाड

२५ जुलै २०२२, सोमवार. बारामतीहून उडालेलं एक छोटं प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात कोसळलं. आत एकटीच प्रशिक्षणार्थी होती, वय वर्षं बावीस. किरकोळ जखमांवर निभावलं. दुपारपर्यंत शेतात पडलेल्या त्या विमानाचे फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर तीन वेळा येऊन गेले. मावशीनं खाली लिहिलं, 'म्हणून म्हणते, असले नाद नकोत.'

हा टोमणा माझ्या मावसभावासाठी होता. तो कबड्डी खेळतो, रेडर आहे. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागलेली, विभागाच्या संघात जागा, आणि प्रो कबड्डीच्या लिलावात कधीतरी नाव यावं अशी आस. लहानपणापासून आमच्या डोक्यावरून ही शिकाऊ विमानं घिरट्या घालत आलीत, तेव्हापासून त्याला उडायचंय. विमानाचं शिक्षण खिशाला परवडणारं नाही, म्हणून गेल्या वर्षी त्यानं कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स करायचं ठरवलं. प्रशिक्षकांना कळल्यावर ते भडकले. मावशी तर बोलायचीच बंद झाली. मग एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तू पीएचडी करतीयस ना? मग आकड्यात सांग. धोका किती आहे?"

मी पक्ष्यांवर काम करते, विमानांवर नाही. तरी बसले. आणि तासाभरात लक्षात आलं की 'पेट'च्या मुलाखतीला आणि सिनॉप्सिसला आपण सगळे ज्या चुका करतो, त्या झाडून सगळ्या या एका प्रश्नात बसल्यात. म्हणून हा लेख. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर खेळाडू आणि विमानं हे निमित्त समजा.

सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच करू, म्हणजे गोष्टींपासून. 'खेळाडू' आणि 'विमान अपघात' असं शोधलं की अमेरिकन बेसबॉल हटकून समोर येतं. केन हब्स, शिकागो कब्जचा खेळाडू, १९६२ चा सर्वोत्तम नवोदित. विमानात बसायची भीती वाटायची म्हणून ती घालवायला उडायला शिकला, परवाना मिळाला आणि थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९६४ मध्ये, स्वतः चालवत असलेलं सेसना कोसळून वयाच्या बाविसाव्या वर्षी गेला. न्यूयॉर्क यांकीजचा कर्णधार थर्मन मन्सन २ ऑगस्ट १९७९ ला ओहायोत स्वतःचं जेट उतरवण्याचा सराव करताना गेला. सोबतचे दोघे वाचले. त्याच यांकीजचा कोरी लिडल ११ ऑक्टोबर २००६ ला, संघाचा हंगाम संपून चार दिवस होतात तोच, मॅनहॅटनमधल्या एका इमारतीवर विमान आदळून गेला, बरोबर त्याचा प्रशिक्षकही.

तिघंही खेळाडू म्हणून ऐन उमेदीत होते. वाचून पोटात गोळा येतो आणि निष्कर्ष तोंडावर येऊन थांबतो : खेळाडूंनी उडू नये.

थांबा. इथंच माझ्या गाईड मॅडमचा आवाज येतो, "छेद कुठंय?"

हे वाक्य मी पहिल्या वर्षी खाल्लंय. भिगवणला उजनीच्या बॅकवॉटरवर पाणपक्षी मोजायचे होते. आधीच्या लोकांनी केलेल्या नोंदी गोळा करून मी मोठ्या ऐटीत आलेख काढला, की रोहित पक्षी शनिवार-रविवारी जास्त दिसतात. मॅडमनी आलेख पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रोहितला सुट्टीचं कॅलेंडर कळतं का?" अर्थातच पक्षी तेवढेच होते. रविवारी पुण्याहून बघे जास्त येतात, तर नोंदीही जास्त. मी फक्त अंश घेतला होता, किती दिसले तो. किती माणसांनी किती तास पाहिलं हा छेद घेतलाच नव्हता. आलेख कचऱ्यात गेला आणि तीन महिने पुन्हा फिल्डवर.

बेसबॉलचे ते तीन मृत्यू हाही नुसता अंश आहे. त्या चाळीसेक वर्षांत एकूण किती खेळाडू उडत होते, किती तास उडत होते, हे माहीत असल्याशिवाय त्या तीनला जास्तही म्हणता येत नाही आणि कमीही. शिवाय आपल्यापर्यंत कुठल्या गोष्टी पोचतात बघा. गोल्फर अर्नोल्ड पामर साधारण पंचावन्न वर्षं स्वतः विमान चालवत होता, सुमारे २० हजार तास. १९७६ मध्ये लिअरजेट घेऊन पृथ्वीप्रदक्षिणाही केली. म्हातारा होऊन अंथरुणावर गेला. त्याच्या हजारो सुखरूप लँडिंगांची बातमी कधी झाली नाही, होणारही नाही. पडलेलं विमान बातमी होतं, उतरलेलं होत नाही. पुस्तकात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. व्हायवाला व्याख्या विचारली तर व्याख्या सांगा, पण उदाहरण म्हणून कडबनवाडी सांगितलंत तर परीक्षकाच्या लक्षात राहील. बारामतीच्या धावपट्टीवरून वर्षभर रोज विमानं उडतात, आपल्याला फक्त तो एक सोमवार आठवतो.

बरं, मग छेद आणायचा कुठून? छोट्या खासगी विमानांच्या बाबतीत अमेरिकेत तो बरा मिळतो, कारण तिथं उड्डाणाच्या तासांचा अंदाज दरवर्षी काढला जातो. ढोबळ आकडा असा : दर एक लाख उड्डाण-तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात. आता हौशी माणूस वर्षाला ५० तास उडतो असं धरू. ५० भागिले १,००,००० म्हणजे दोन हजारांत एक, दर वर्षी. दहा वर्षांची कारकीर्द धरली तर साधारण दोनशेत एक. पामरच्या २० हजार तासांना हाच दर लावला तर अपेक्षित जीवघेणे अपघात ०.२ येतात. म्हणजे तो सुखरूप राहिला यात चमत्कार नाही, पण नशिबाचा थोडा वाटा आहेच.

या आकड्याला लगेच मिठी मारू नका. तो सरासरी आहे. त्यात प्रशिक्षकाबरोबरचं उड्डाण आहे, कामधंद्याचं आहे, आणि रविवारची हौसही आहे. हौसेच्या उड्डाणांचा दर सरासरीपेक्षा वरचा असतो. अपघात किती आणि त्यातले जीवघेणे किती, हेही वेगळं मोजावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमानं पडली, एक कटफळजवळ, एक गोजुबावीजवळ. दोन्हींत जीवितहानी नाही. कडबनवाडीतही नाही. याला देवाची कृपा म्हणा, पण थोडं भौतिकशास्त्रही आहे. सेसना १५२ सारखं शिकाऊ विमान ताशी ८०-९० किलोमीटरपर्यंत हळू होऊनही हवेत तरंगू शकतं. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. मऊ शेतात हळू पडणारं हलकं विमान आणि डोंगराला धडकणारं जेट हे एकाच रकान्यात टाकायचे का, हे आकडेमोडीच्या आधी ठरवायचं असतं.

(त्या दोन अपघातांनंतर 'चार दिवसांत दोन, म्हणजे काहीतरी गडबड आहेच' असं सगळेच म्हणाले. नियामकांनी त्या संस्थेचं काम थांबवून चौकशी लावली, ते योग्यच. पण संख्याशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर यादृच्छिक घटना कधीच सारख्या अंतरावर येत नाहीत, त्या झुबक्यानं येतात. झुबका दिसला की चौकशी करावी, चौकशीआधी कारण सांगू नये.)

हे सगळं मी भावाला सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, कामशेतला माझ्या ओळखीची वीस पोरं जाऊन आली. एकालाबी काय झालं नाही."

याच्यासाठी एक छोटं सूत्र पाठ करून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडेल. 'तीनचा नियम'. क्ष वेळा प्रयोग करून वाईट घटना एकदाही घडली नाही, तर त्या घटनेची खरी शक्यता ९५ टक्के खात्रीनं ३ भागिले क्ष पेक्षा कमी आहे, इतकंच म्हणता येतं. वीस पोरांना काही झालं नाही, म्हणजे धोका ३/२०, अर्थात १५ टक्क्यांपेक्षा कमी. सातांत एकाचा पाय मोडत असता, तरी वीसच्या वीस धडधाकट परत येणं अगदीच अशक्य नव्हतं. 'आजवर कुणाला काही झालं नाही' या वाक्यात किती कमी माहिती असते, ते बघा. महेंद्रसिंग धोनीनं ऑगस्ट २०१५ मध्ये, भारताच्या एकदिवसीय संघाचा कर्णधार असताना, आग्र्याला लष्कराच्या पॅराशूट प्रशिक्षणात पाच उड्या मारल्या आणि सुखरूप उतरला. त्या पाच उड्यांवरून धोक्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. कळायला लाखो उड्या लागतात. त्या नोंदी अमेरिकेत आहेत आणि तिथला अलीकडचा दर लाख उड्यांमागे एका मृत्यूपेक्षाही कमी आहे. धोनीचा निर्णय बरोबर असेल तर तो या लाखोंच्या जोरावर.

आता यातला सगळ्यात मोठा घोटाळा, आणि सिनॉप्सिसमध्येही हाच होतो. आपण इतका वेळ मृत्यू मोजतोय. पण प्रशिक्षक भडकले ते मृत्यूच्या भीतीनं नाही. त्यांना भीती आहे घोट्याची.

म्हणजे मोजायचं काय, हेच आपण चुकीचं धरलं होतं. पॅराग्लायडिंगच्या दुखापतींमध्ये पाय आणि पाठीचा कणा हेच जास्त सापडतात, कारण घोळ बहुतेकदा उतरताना होतो. ऑफिसात बसणाऱ्या माणसाचा घोटा मुरगळला तर तो पंधरा दिवस लंगडतो, संपलं. रेडरचा घोटा म्हणजे त्याचा पगार. तोच अपघात, तीच शक्यता, पण नुकसान वेगळं. त्यामुळे 'धोका किती' याचं उत्तर माणसागणिक बदलतं आणि सर्वसामान्यांचे आकडे खेळाडूला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

आणि दुखापत हेच मोजायचं ठरवलं, तर मग चित्र फारच मजेशीर होतं. यांकीजचाच ॲरन बून २००४ च्या जानेवारीत मित्रांबरोबर सहज बास्केटबॉल खेळायला गेला आणि गुडघ्याचा लिगामेंट फाडून बसला. क्लबनं करार संपवला. इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो सप्टेंबर २०२२ मध्ये गोल्फ खेळायला गेला, तिथं पाय घसरून मोडला आणि टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला. ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅक्सवेल त्याच वर्षी एका वाढदिवसाच्या पार्टीत पाय मोडून घेऊन बसला, आणि पुढच्या वर्षी विश्वचषक चालू असताना अहमदाबादेत गोल्फच्या गाडीवरून पडला. 'क्रिकेटपटूंनी गोल्फ खेळू नये' असा लेख मात्र कुणी लिहीत नाही, कारण गोल्फ धोकादायक दिसत नाही. (हो, इथंही मी फक्त अंश दिलाय. पकडलंत ना? गोल्फ खूप जण खेळतात, म्हणून दुखापतीही दिसतात.)

करार करणारे लोक या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार असतात. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलच्या प्रमाणित करारात खेळाडूनं संघाच्या लेखी परवानगीशिवाय काय करायचं नाही याची यादीच आहे. आकाशातून उड्या, हँग ग्लायडिंग, बर्फावरचं स्कीइंग, गिर्यारोहण, विमान चालवणं, आणि त्याच यादीत मोटरसायकलही. मोटरसायकलवर मागं बसणंसुद्धा. शिकागो बुल्सचा जे विल्यम्स, २००२ च्या निवडीतला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, जून २००३ मध्ये मोटरसायकलवरून खांबावर आदळला. जीव वाचला, पण एनबीएचा सामना पुन्हा खेळला नाही.

मोटरसायकल वाचून मी भावाकडे पाहिलं. तो रोज सरावाला आणि कामाला मिळून चाळीस किलोमीटर गाडी मारतो. वर्षाला बारा हजार धरू. चला, छेद लावू.

अमेरिकेत मोटरसायकलस्वारांचा मृत्युदर दर दहा कोटी मैलांमागे २५ ते ३० च्या आसपास असतो. दहा कोटी मैल म्हणजे सोळा कोटी किलोमीटर. त्यावरून बारा हजार किलोमीटरचा हिशेब साधारण पाचशेत एक येतो. म्हणजे वर्षाला ५० तास विमान उडवणाऱ्या हौशी माणसाच्या चौपट! पण तिथल्या गाड्या आणि वेग वेगळे. म्हणून दुसऱ्या बाजूनं पाहू. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची. देशात नोंदलेल्या दुचाकी २० कोटींहून जास्त. या छेदानं उत्तर येतं दर दुचाकीमागे वर्षाला अडीच-तीन हजारांत एक. पण नोंदलेल्या कित्येक गाड्या गोठ्यात गंजत पडल्यात आणि चालणाऱ्या सगळ्या काही रोज चाळीस किलोमीटर चालत नाहीत, तेव्हा याच्यासाठी खरा आकडा त्याहून वाईट असणार. छेद बदलला की उत्तर पाचपट बदलतं, हे ध्यानात ठेवा. पण कुठलाही छेद घ्या, रोजची गाडी ही हौशी वैमानिकाच्या वर्षभराच्या उडण्याच्या फार खाली जात नाही.

आमच्याकडचा रस्ता तुम्हाला माहीत असेल तर हे सांगायची गरज नाही. गाळप हंगामात रात्रीच्या वेळी उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात, आणि ट्रॉली दिसते ती दहा फुटांवर. ऋषभ पंतची गाडी डिसेंबर २०२२ मध्ये रूडकीजवळ उलटली आणि तो सव्वा वर्ष मैदानाबाहेर राहिला. आपले खाशाबा जाधव, हेलसिंकीचं १९५२ चं कांस्यपदक आणणारे, १९८४ मध्ये गेले ते रस्ता अपघातातच. याला कुणी 'धोक्याचा छंद' म्हणत नाही. मावशी भावाला दर शनिवारी रात्री दहाला गाडीवरून दूध आणायला पाठवते आणि पॅराग्लायडिंगच्या नावानं जेवत नाही.

मग उडावं का? इथं मला एक रेघ मारायचीय, तुम्हीही आपल्या विषयात मारा. 'धोका किती आहे' हा मोजण्याचा प्रश्न. 'करावं का' हा मोजण्याचा प्रश्न नाही, त्यात कुणाचं किती नुकसान कुणी सोसायचं हे येतं. लिडल गेल्यावर विम्याच्या पैशावरून वाद झाला, कारण खेळाडू स्वतः विमान चालवत असेल तर ते संरक्षण लागू नव्हतं, आणि चालवत नक्की कोण होतं, तो की प्रशिक्षक, हे तपास यंत्रणेला ठरवता आलं नाही. मन्सन उडायला शिकला त्यामागे घरी जाता यावं, बायकामुलांना भेटता यावं हे होतं. त्याला छंद म्हणायचं का? पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर पहिलीच उडी मारली, पुढे पद्मश्री मिळवली. त्यांना 'उडी मारू नका' म्हणणं म्हणजे माझ्या भावाला 'रेड टाकू नको' म्हणण्यासारखं. आणि डेव्हिड गॉवर आणि जॉन मॉरिस यांनी १९९१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सामना चालू असताना जुनी टायगर मॉथ विमानं भाड्यानं घेऊन, त्यांत बसून मैदानावरून चक्कर मारली, तेव्हा त्यांना हजार-हजार पौंड दंड झाला. तो दंड धोक्याचा होता असं मला वाटत नाही, न विचारता गेल्याचा होता. मॉरिसनं त्याच सामन्यात शतक ठोकलं होतं. तरी आदल्या उन्हाळ्यात भारताविरुद्ध खेळलेल्या तीन कसोटींनंतर चौथी त्याला मिळाली नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, करार चालू असताना संघापासून लपवून काहीही करू नये, मग ते पॅराग्लायडिंग असो की मित्राच्या बुलेटवर मागं बसणं. सांगून, हंगाम संपल्यावर, चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली करायचं असेल तर मी अडवणार नाही. पण हे मत आहे, निष्कर्ष नाही. माझ्या आकड्यांतून ते आपोआप निघत नाही आणि तसं भासवलं असतं तर मॅडमनी पुन्हा आलेख फाडला असता.

भावानं शेवटी एक कागद लिहिला. कोर्स किती दिवसांचा, कधी, विमा कोणता, दुखापत झाली तर किती सामने बुडतील, सगळं. तो घेऊन प्रशिक्षकांकडे गेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "लेखी विचारणारा तू पहिलाच." मग एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलं, आणि कागदाच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली : सरावानंतर रात्री गाडीवर जायचं नाही, एसटीनं जायचं.

एसटीवरून आता मावशी प्रशिक्षकांवर नाराज आहे. दूध कोण आणणार?